शब्द हवा आहे: झाडाला बांधायची ‘स्टेप’ आणि पायाखालचा ‘प्लॅटफॉर्म’

सरितातीर:
मिशिगनमध्ये राहते. इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी शेजारच्या आजोबांवर लेख लिहितेय. हरणाच्या शिकारीसाठी झाडावर चढायचं सगळं सामान ते गॅरेजमध्ये स्वतः करतात. या पद्धतीला इथे ‘सॅडल हंटिंग’ म्हणतात. झाडावर खुर्ची नेत नाहीत. कमरेभोवती आणि मांड्यांखाली रुंद पट्ट्यांचं आसन असतं, ते दोरानं खोडाला अडकवायचं आणि झाडाकडे तोंड करून मागे रेलायचं. पाय टेकायला जेमतेम दोन पावलं मावतील एवढी फळी, तिला ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात.

‘सॅडल’ला खोगीर लिहिलं, तर अंकाच्या संपादकांनी घोडेस्वाराचं चित्र काढून घेतलं. ते बदलता येईल. खरी अडचण चढताना पाय ठेवायच्या ‘स्टेप’ची. ‘पायरी’ म्हटलं की जिना डोळ्यांसमोर येतो. सासूबाईंनी ‘खुंटी’ सुचवली, पण ती तर उलटाच अर्थ देईल. इथे सरकारी जमिनीवरच्या झाडात सालीखालच्या जिवंत थरापर्यंत जाणारा खिळा किंवा स्क्रू मारायला बंदी आहे. म्हणूनच आजोबांची स्टेप दोरानं बांधायची असते. एकेक बांधत वर जायचं, सोडत खाली यायचं. काय म्हणू हिला?

घाटवाट:
पावठी! ट्रेक करणाऱ्या कुणालाही विचारा. कातळात एक पाऊल मावेल एवढी जागा केलेली असते ती पावठी. शब्द तयार आहे, नवा घडवायची गरज नाही.

कुळागर:
पावठी खोदलेली असते हो. आमच्या गोव्यात माडाच्या खोडाला खाचा पाडून रेंदेर सूर (माडी) काढायला चढायचे, पाडेली नारळ पाडायला. त्या खाचेला कुणी पावठी म्हटलं तर मी मान्य करीन, कारण दोन्हीकडे खोडातून किंवा दगडातून काहीतरी काढून टाकलंय. ताईंच्या स्टेपमध्ये झाडातून काहीच काढायचं नाही, हाच तर तिचा मुद्दा. पावठी लिहिलंत तर आजोबांनी झाड तासलं असं वाचणाऱ्याला वाटेल.

घाटवाट:
शब्द कसा जन्मला यावर तो कायमचा बांधून ठेवायचा का? पावलाला आधार ती पावठी. हरिहरला पायऱ्या आहेत आणि शेजारी हातासाठी खोबण्या आहेत. दोन्ही खोदलेल्याच, पण नावं वेगळी, कारण एक पायासाठी आणि एक हातासाठी. नाव कामावरून पडतं, घडणीवरून नाही.

कुळागर:
मग खुंटी आणि पावठी यांत फरकच उरला नाही. खुंटीवरही पाय देता येतो. मराठीनं हे तीन प्रकार वेगळे ठेवलेत: ठोकलेली ती खुंटी किंवा मेख, कोरलेली ती पावठी किंवा खाच, आणि बांधलेली... तिसऱ्याला शब्द शोधायचाय. काळी मिरी काढायला आमच्याकडे पेरांवरच्या फांद्यांची टोकं राखून तोडलेला बांबू झाडाला टेकवतात. त्यावर पाय देत चढायचं. त्या टोकांना काय म्हणतात कुणाला ठाऊक आहे का?

माडबन:
आमच्याकडे (सिंधुदुर्ग) नुसतं ‘कळक लाव’ म्हणायचे. टोकांना वेगळं नाव ऐकलं नाही. पण विहिरीत उतरायला बांधकामातून पुढे आलेले दगड असतात ना, त्यांना माझी आजी पायटे म्हणायची. पायटा भिंतीतून बाहेर येतो, आत जात नाही. ताईंची स्टेपही खोडातून बाहेर आलेली. ‘पायटा’ लिहा.

अनुस्वार:
आधी खोगिराचं बघू. तो शब्द सॅडललासुद्धा चुकीचा आहे. फारसीत ‘खूय’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा. खोगीर ही मुळात घोड्याच्या पाठीवरची घाम टिपणारी गादी. बसायचं ते जीन, तेही फारसी. आपल्याकडे ‘पलाण’ असताना हे सगळं उसनं कशाला? संस्कृत पर्याण, प्राकृत पल्लाण, मराठी पलाण. सरळ वंशावळ आहे.

घाटवाट:
पलाण आज किती वाचकांना कळेल? अंकातल्या लेखाला तळटीप लागली तर लेख मेला. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी घोड्याच्या अंगावर फारसी-अरबीच राहिली. तंग, रिकीब (स्वाराचा पाय ठेवायची कडी), लगाम. हे शब्द आपल्या लोकांनी साडेतीनशे वर्षं वापरले, आता त्यांना परकं म्हणणं मला पटत नाही.

अनुस्वार:
राहिली म्हणून ती योग्य ठरत नाही. त्याच कोशाच्या काळात अष्टप्रधानांची नावं बदलली आणि टिकली. पेशवा राहिला, पण सेनापती आणि सचिवही रुजले. प्रयत्न केला तिथे फळ आलं.

पानगळ:
मला विषयच खुपतो. आपल्याकडे वन्यजीव कायदा १९७२ चा, शिकारीला बंदी आहे. शिकारीच्या सामानाला मराठी शब्द घडवायचेच कशाला?

सरितातीर:
इथला, मिशिगनचा कायदा वेगळा आहे. परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो: धनुष्यबाणाचा १ ऑक्टोबरपासून, बंदुकीचा १५ ते ३० नोव्हेंबर. लेख माणसावर आणि त्याच्या हस्तकौशल्यावर आहे. शब्दांकडे वळूया ना.

स्टेप बसते कशी ते सांगते, कदाचित त्यातून नाव सुचेल. लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा, पाठीमागे खोडाला धरेल अशी इंग्रजी व्हीसारखी खाच. ठोकळा थोडा वर उचलून धरायचा, दोर खोडाभोवती फिरवून त्याला गुंडाळायचा, मग ठोकळा खाली दाबायचा. दाबताना तो फिरतो, दोर ताणला जातो आणि ठोकळा सालीला घट्ट बसतो. माणसाचं वजन जितकं खाली येईल तितकी पकड वाढते. सर्वांत खालच्या स्टेपला पट्ट्याचा एक फास लोंबता सोडतात, म्हणजे एक स्टेप कमी न्यावी लागते.

घाटवाट:
तो लोंबता फास म्हणजे रिकीब! हुबेहूब. अनुस्वार, याला काय म्हणाल?

अनुस्वार:
पायफास.

माडबन:
पायफास ऐकून माझ्या डोळ्यांसमोर पाय अडकून पडलेला माणूस आला. रिकीब बरी.

सह्यकडा:
दोर की दोरी, हेही ठरवा. सरितातीर, तुम्ही सगळीकडे दोर लिहिताय. मराठीत जाड तो दोर, बारीक ती दोरी, शिवायचा तो दोरा. पण घरगुती स्टेपला बहुतेक जण डायनीमासारखा कृत्रिम धागा वापरतात. पेन्सिलपेक्षा बारीक, आणि टनावर वजन पेलतो. जाडीनं दोरी, ताकदीनं दोर. हा वाद मला खरंच महत्त्वाचा वाटतो, कारण हा धागा गुळगुळीत असतो आणि १५० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो. स्टेप बांधायला उत्तम. पण त्याचीच प्रुसिक गाठ (दोरावर सरकवता येते, भार आला की घट्ट बसते ती) करून अंगाच्या दोरावर घातली तर ती घसरू शकते, घर्षणानं तापू शकते. लेखात दोन्हींना एकच शब्द वापरलात आणि कुणी वाचून करून पाहिलं तर?

तारमार्ग:
निवृत्त वायरमन आहे. सह्यकडा यांचं बरोबर आहे, आणि त्याच्या पुढचं सांगतो. तुमच्या आजोबांकडे दोन वेगळे दोर असणार. चढताना एक कमरेच्या दोन्ही बाजूंनी निघून खोडाला वेढा घालतो, म्हणजे हात मोकळे राहतात. वर पोचल्यावर दुसरा डोक्याच्या उंचीला खोडाला बांधून त्यात आसन अडकवायचं, तो ताणलेला आहे याची खात्री करायची, आणि त्यानंतरच पहिला सोडायचा. दोघांना ‘सुरक्षा दोर’ म्हणू नका. कुठला कधी सोडायचा, हे नावातूनच कळलं पाहिजे. आमच्याकडे खांबावर वापरायच्या पट्ट्याच्या साधनाला झुला म्हणायचे. तुमच्या सॅडलला तोच शब्द द्या. कामावरचा आहे, पुस्तकातला नाही.

सरितातीर:
झुला फार आवडला! आणि हो, दोन दोर आहेत. पहिल्याला ‘वेढा’ लिहीन. दुसऱ्याला इंग्रजीत टेदर म्हणतात.

माडबन:
टेदर म्हणजे दावं. गाईला बांधतो ते.

तारमार्ग:
दावं नको. दाव्याला ढील असते, गुरानं फिरावं म्हणून. या दोराला ढील राहिली आणि पाय निसटला तर माणूस तेवढा खाली आपटतो.

कुळागर:
टांगदोर?

सह्यकडा:
टांगदोर चालेल.

कुळागर:
फळीचं राहिलंच. आमच्याकडे इमारतीला बांधतात ती परांची. पोर्तुगीजमध्ये ‘प्रांशा’ म्हणजे फळी. परांची तिथूनच आली असं माझं पक्कं मत आहे. म्हणजे मुळात एकच फळी. शब्द घरी परत जाईल.

रानभूल:
परांची म्हटलं की मुंबईतल्या रंगाऱ्यांचे बांबू दिसतात. झाडावरचं ते मचाण, संपला विषय. बुद्धपौर्णिमेला ताडोबात, मेळघाटात लोक पाणवठ्यावर रात्रभर मचाणावरच बसतात ना?

माडबन:
‘बसतात’, हेच म्हणतेय. मचाणावर बसता येतं, झोपताही येतं. या फळीवर नुसते पाय टेकायचे, भार झुल्यावर. ‘पायपाट’ म्हणा.

रानभूल:
मचाण मंचावरून आलं. मंच केवढा असावा हे कुठे ठरलंय? राजगडाच्या माच्याही त्याच घरातल्या. सुवेळा आणि संजीवनी कोसभर पसरल्यात, तरी माचीच. शब्दाला मोठं होता येतं तर लहानही होता येईल.

अनुस्वार:
माची मंचावरून आली हे मान्य. पण मग शेतातल्या राखणीच्या जागेला माळा का म्हणतात, मचाण का नाही?

रानभूल:
विदर्भात मचाणच म्हणतात. माळा तुमच्याकडे.

सरितातीर:
शुक्रवारी अंक छपाईला जातोय. झुला, वेढा, टांगदोर, रिकीब घेतले. फळीला पायपाट. स्टेपला पावठी की पायटा, कुणीतरी एकमतानं सांगा.

घाटवाट:
पावठी.

माडबन:
पायटा.

अनुस्वार:
रानभूल, माळा आणि मचाण एक नव्हेत. माळा चार मेढी रोवून जमिनीवरून उभा करतात, ज्वारी कणसात आली की गोफण घेऊन त्यावर उभं राहायचं. मचाणाला झाड लागतं.

रानभूल:
आमच्या शेतातलं मचाण मेढींवरच उभं असायचं. जवळपास झाडच नव्हतं.