गोव्यातल्या ग्रीक जेवणाचे तुमचे अनुभव सांगा

गेल्या रविवारी आईला घेऊन आसगावातल्या एका साध्याशा ग्रीक रेस्टॉरंटमध्ये गेलो. तिला काहीतरी नवं खायला घालायचं होतं. ग्रीक सॅलड म्हणून लेट्यूसचा ढीग आला आणि त्यावर पनीरचे चौकोन. अस्सल ग्रीक सॅलडमध्ये टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि वर फेटा चीजचा जाड तुकडा असतो; पाला घालतच नाहीत. फेटा मेंढीच्या दुधाचं, शेळीचं फार तर ३० टक्के; खारट, आंबूस, भुसभुशीत. ते परवडत नसेल तर तसं सांगावं. "पनीरच ना रे हे?" असं आईने विचारलं तेव्हा फार वाईट वाटलं.

तुम्हीही लिहा. हॉटेलांची नावं नकोत, पदार्थात काय चुकलं ते सांगा.

---

आमच्या पानात आलेली त्झात्झिकी म्हणजे पातळ कोशिंबीर होती. काकडी किसून, मीठ लावून घट्ट पिळायची आणि दही चक्क्यासारखं बांधून ठेवायचं, एवढंच तर करायचं असतं! लसणाचा वासही नव्हता.

---

मी जुलैत गेले होते. भाजलेली माणकी (स्क्विड) मागवली, ती रबरासारखी चिवट. वेटर म्हणाला, "आज सकाळचीच आहे." १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, हे इथल्या पोरांनाही ठाऊक आहे. गोठवलेल्या मासळीला माझी हरकत नाही. ग्रीसमध्ये मेनूवर अशा पदार्थापुढे चांदणीची खूण करतात, मग गिऱ्हाईक काय ते ठरवतं. मासळीबद्दल खोटं बोललेलं मला अजिबात खपत नाही.

---

पिटा ब्रेड वातड. त्यापेक्षा पोदेराची (आमच्या पाववाल्याची) सकाळची पोई, म्हणजे गोव्याचा पाव, संध्याकाळीही मऊ असते.

---

मोरजीला मुसाका मागवला. कडा चटका देणाऱ्या आणि मधली वांगी थंडगार. सांगितल्यावर स्वयंपाकी स्वतः बाहेर आला, माफी मागितली आणि अर्ध्या तासाने नवा घेऊन आला. खिम्याला दालचिनीचा मंद वास, वर बेशामेल (दूध-मैद्याच्या) सॉसची खरपूस साय. वांगी मात्र अजून थोडी शिजायला हवी होती. तरी मी परत जाईन.

---

धागा मीच काढला म्हणून विचारतो: मोरजीला बसायची सोय खालीच आहे का? आईला पायऱ्या चढवत नाहीत.

---

खालीच आहे, अंगणात. त्यांना मुसाकाच द्या, पण दुपारी जा. तेव्हा ताजा असतो.