नाशिकजवळ जंगलात ओढ्याकाठी फुकट तंबू टाकता येईल अशी जागा आहे का?

गंगाघाट_४२:
नमस्कार मंडळी, आम्ही तिघं मित्र, दिवाळी झाली की एखाद्या शनिवारी जंगलात जाऊन एक रात्र काढायचं डोक्यात आहे. म्हणजे धरणाच्या कडेला तीस तंबू ओळीने लावलेत, बारापर्यंत डीजे, बार्बेक्यूच्या नावाखाली चिकनचे चार तुकडे आणि डोकं मोजून पंधराशे रुपये, तसलं नकोय. गेल्या वर्षी तिथं फसून झालंय, शेजारच्या तंबूवाल्यांनी रात्रभर कोणाचा तरी वाढदिवस साजरा केला, कोणाचा होता ते सकाळपर्यंत कळलं नाही.

आपल्याला साधं पाहिजे, संडास बाथरूम नसलं तरी चालेल, लाईट नको, रेंज नसली तर अजून चांगलं, फक्त जवळ वाहतं पाणी पाहिजे आणि पैसे मागायला कोणी येऊ नये. त्र्यंबकच्या पुढं हरसूलकडे नाहीतर पेठ-सुरगाण्याकडे बघतोय. दोन बाईक आहेत. तंबू ऑनलाईन घेतलाय, वर तीन माणसांचा लिहिलंय पण आत अडीचच मावतात. कोणी असं राहिलंय का, फॉरेस्टवाले हाकलतात का, बिबट्याचं काय, आणि एखादी नेमकी जागा माहीत असली तर सांगा ना भो.

मिसळ_आणि_पाव_जास्त:
नेमकी जागा इथं कोणी लिहू नका रे बाबांनो, हात जोडतो. पावसाळ्यात पहिणेला रविवारी काय जत्रा असते बघितलंय ना, गाडी वळवायला जागा नसते. एकाने लिहिलं की पुढच्या आठवड्यात तिथं मॅगीवाला उभा.

सह्यवाट:
वीस-बावीस वर्षं डोंगरात फिरतोय म्हणून जरा लांबड लावतो.

पहिलं म्हणजे आपल्याकडे मोकळी जागा दिसते म्हणजे ती कोणाचीच नाही असं नसतं. बहुतेक जंगल राखीव वन आहे आणि तिथं अजून १९२७ चा भारतीय वन कायदा चालतो, त्यातल्या कलम २६ प्रमाणे परवानगीशिवाय आत शिरणं आणि विस्तव पेटवणं दोन्ही गुन्ह्यात बसतं. दिवसा ट्रेकला गेलात तर सहसा कोणी अडवत नाही, हरिहरसारख्या ठिकाणी गावची समिती प्रवेश फी घेते आणि सोडते, पण रात्री राहणं वेगळं. भंडारदऱ्याकडे जाणार असाल तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तिथं १९७२ चा वन्यजीव कायदा, आत कुठंही तंबू ठोकायचा विचारच करू नका. अंजनेरी संवर्धन राखीव आहे, तिथंही नाही. वरच्या पठारावर ती कंदीलपुष्पं वगैरे आहेत, ती तुमच्या तंबूखाली यायला नकोत.

मग राहतो कुठं आम्ही? पाड्यावर. जंगलाला लागून कोणाचं तरी खळं असतं, माळ असतो, वनहक्कात मिळालेला प्लॉट असतो, त्या घरी जाऊन विचारायचं. दुपारी जा, अंधार पडल्यावर दार वाजवू नका. आणि गार्डला आधी फोन करून ठेवला तर अजून बरं, नंबर पोलीस पाटलाकडे असतोच. मला आत्तापर्यंत एकदाच नाही म्हणालेत आणि ते सुद्धा घरात सुतक होतं म्हणून.

दुसरं पाण्याचं. ओढ्याकाठी म्हणजे ओढ्यात नव्हे!! लोक सपाट वाळू बघतात आणि तिथंच तंबू टाकतात, ती सपाट झालीये कशी याचा विचार करत नाहीत. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस आणि इगतपुरीला ३००० च्या वर, म्हणजे तुमच्या डोक्यावर चांदणं असताना वर घाटमाथ्यावर काय चाललंय ते तुम्हाला कळतच नाही. त्र्यंबकजवळ दुगारवाडीच्या धबधब्याला २०२२ च्या ऑगस्टमध्ये हेच झालं, पाणी अचानक वाढलं, पर्यटक अडकून पडले आणि एक जण वाहून गेला. दिवाळीनंतर ही भीती कमी, पण अवकाळी आपल्याकडे सांगून येत नाही. झाडांच्या बुंध्याला, फांद्यांना कुठपर्यंत काटक्या-कचरा अडकलाय ते बघायचं, तिथपर्यंत पूर येतो, तंबू त्याच्या बराच वर. अजून एक फायदा, थंड हवा रात्री खाली ओढ्यात साचते, काठावर झोपलात तर पहाटे दवाने तंबू आतून टपकतो, पंधरा-वीस पावलं वर चढलात तरी फरक पडतो.

आणि गर्दीचा महिना सोडून जायचं म्हणून फेब्रुवारी-मार्च धरू नका, आपला कातळ पाणी धरत नाही, तोवर निम्मे ओढे कोरडे पडतात आणि गवत वाळून नुसतं काडीची वाट बघत असतं.

ओरेगॉनचा_नाशिककर:
वाचून मजा वाटली कारण मी आत्ता जिथं राहतो तिथं हेच सगळं सरळ कायदेशीर आणि फुकट आहे. अमेरिकेत नॅशनल फॉरेस्टमध्ये याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात, नळ नाही, संडास नाही, टेबल नाही, कचऱ्याचा डबा नाही, म्हणून पैसेही नाहीत. कच्च्या फॉरेस्ट रोडने आत जायचं, आधी कोणी राहून गेलेली जागा दिसली की तिथंच थांबायचं, नवीन गवत तुडवायचं नाही. बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवस राहता येतं. नियम मात्र आहेत, पाण्यापासून १०० ते २०० फूट लांब तंबू, भांडी ओढ्यात घासायची नाहीत, पाणी भरून लांब नेऊन घासायची, शौचाला ६ ते ८ इंच खोल खड्डा करून वर माती, टिश्यू पेपर पिशवीत घालून परत. उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की शेकोटीवर सरळ बंदी. आम्ही मागच्या वर्षी तीन रात्री राहिलो, रात्रभर फक्त पाण्याचा आवाज. आपल्याकडे असं का नाही करत कोणी? एवढं जंगल आहे पेठ-सुरगाण्याला.

सावळघाट:
मी पेठ तालुक्यातला, नोकरीला सातपूरला, दर शनिवारी घरी जातो. ओरेगॉनवाल्या दादांना उत्तर देतो.

तुमच्या तिकडच्या जंगलात माणूस राहत नसेल, आमच्या जंगलात आम्ही राहतो. तुम्ही ज्याला जंगलातला ओढा म्हणता तो आमच्या पाड्याचा नळ आहे. उन्हाळ्यात ओढा आटला की बाया त्याच्याच पात्रात वाळू उकरून झिरा करतात, हंडाभर पाणी वाटीवाटीने भरायला अर्धा तास जातो. मागं डिसेंबरमध्ये शहरातली पोरं आली, कोणाला विचारलं नाही, वरच्या डोहाला दोन रात्री राहिली, साबण लावून आंघोळी केल्या, बाटल्या कातळावर फोडल्या. एप्रिलमध्ये माझ्या चुलतीच्या पायात तिथंच काच गेली, झिऱ्यावर अनवाणी उतरतात ना. आता सांगा फुकट कोणाला पडलं ते.

यायला नको असं मी म्हणत नाही. या, पण घरावरून या, ओढ्यावरून नको. आमच्याकडे पाहुणा आला तर नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं मिळणारच, त्याचे पैसे तोंडाने कोणी मागणार नाही, पण देऊन जा. घरातल्या बाईच्या हातात द्या, पोरांच्या हातात नको. आणि गोळ्या-चॉकलेटं वाटत फिरू नका, ते एक फार झालंय.

बिबट्याचं म्हणाल तर आहे, पण तुमच्या नाशकात जास्त दिसतो आता, निफाड-सिन्नरच्या उसात तर घरच करून राहिलाय. आम्ही वाघबारसेला वाघदेवाला पुजतो, त्याचं तो आमचं आम्ही. मटणाची हाडं तंबूजवळ टाकू नका, कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागं तो येतो, बाकी काही नाही.

मिसळ_आणि_पाव_जास्त:
सावळघाट भाऊ, एक नंबर.

ओरेगॉनचा_नाशिककर:
मान्य. झिऱ्याचं मला खरंच माहीत नव्हतं, लहानपणापासून पंचवटीत राहून. इथं पण ती जंगलं मूळच्या लोकांना हटवूनच मोकळी झालीत, ते बोर्डावर लिहिलेलं नसतं एवढंच.

रानजाई:
बिबट्याला घाबरणाऱ्यांनो, मण्यारला घाबरा. मी सरकारी दवाखान्यात काम करते, आमच्याकडे जमिनीवर झोपलेली माणसंच येतात. मण्यार रात्री फिरतो, चावलेलं कित्येकदा कळत पण नाही, सूज नाही, रक्त नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलताना शब्द ओढल्यासारखे येतात आणि घरचे म्हणतात ॲसिडिटी झाली असेल. तंबूची चेन कायम बंद, आत बसला असलात तरी. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला. रात्री लघवीला जाताना टॉर्च पाहिजेच, मोबाईलचा नाही, चांगला. कातळात आणि पालापाचोळ्यात फुरसं असतं, सरपणाला हात घालण्याआधी काठीने हलवा. आणि काही झालं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात-पाय हलवू न देता १०८ ला फोन, नाहीतर मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना. औषध तिथंच असतं, भगताकडे नाही. (सावळघाट भाऊ राग मानू नका, पण दोन तास तिथंच जातात.)

रेंज नको म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की राहायच्या जागेपासून रेंज कुठं मिळते ते उजेडात बघून ठेवा, एखादी टेकडी असतेच जिथं सगळा पाडा फोन लावायला चढतो.

पाणी उकळूनच प्या, खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर. वाहतं पाणी शुद्ध असतं हे ज्याने सांगितलं त्याने वरच्या बाजूला बसलेल्या म्हशी बघितल्या नसतील.

सावळघाट:
ताई राग कशाचा, बरोबर बोललात. भगत पण आता आधी दवाखान्यात न्या म्हणतो.

सह्यवाट:
सरपणावरून आठवलं, शेकोटीचा नाद सोडा. छोटा गॅसचा स्टोव्ह घ्या, चहा-खिचडी त्यावर होते. शेकायचंच असेल तर ज्यांच्या खळ्यावर राहाल त्यांच्या अंगणात शेकोटी असतेच, जाऊन बसा, गप्पाही होतात. वणवा दिसला तर वन विभागाचा १९२६ नंबर आहे, तो सेव्ह करून ठेवा.

गंगाघाट_४२:
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी जाऊन आलो, लिहायला उशीर झाला.

सावळघाट भाऊंना मेसेज केला होता, त्यांच्या ओळखीत एकांकडे सोय झाली, जागा कुठं ते सांगत नाही, मॅगीवाला येईल. दुपारी तीनला पोचलो, भात कापून खळ्यावर आणला होता, तिथं तंबू चालणार नाही म्हणाले, मग घरामागच्या माळावर लावला. ओढा खाली शंभर-दीडशे पावलांवर, आवाज नुसता रात्री सगळं शांत झाल्यावर येत होता. आम्ही पहिल्यांदा खालीच लावू म्हणत होतो, त्या काकांनी काही न बोलता हात वर करून एका उंबराच्या फांदीत अडकलेली फाटकी गोणी दाखवली, आमच्या डोक्याच्या वर होती. मग गपगुमान वर गेलो.

स्वयंपाकाचं सामान नेलेलं जवळपास तसंच परत आणलं, काकूंनी भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलंच नाही. ठेच्याने एका मित्राची वाट लागली, तो आयटीवाला आहे. अंगणात शेकोटीपाशी दहापर्यंत बसलो, काका सांगत होते त्यांच्या लहानपणी याच ओढ्याला होळीपर्यंत पाणी असायचं, आता पौषातच झिरा काढावा लागतो. रात्रभर घरातला कुत्रा येऊन आमच्या तंबूला टेकून झोपला, त्यामुळे बिबट्याची भीती गेली आणि रानजाई ताईंचं वाचून मण्यारची राहिली, बूट उशाला घेऊन झोपलो. थंडी मात्र बेक्कार, पहाटे चारला तिघं जागे.

निघताना काकूंच्या हातात सहाशे दिले, नको नको म्हणत घेतले, वर डांगर दिलं एक भलंमोठं, ते बाईकवर मांडीत घेऊन नाशिकपर्यंत आणलं. म्हणजे फुकट काही पडलं नाही, पण डीजे नव्हता.

आता एक अडचण, दवाने तंबूच्या वरच्या शिलाईतून पाणी टपकतंय, अगदी माझ्याच तोंडावर. शिलाईला लावायचं ते लिक्विड नाशकात कुठं मिळतं का, की मेनरोडला ताडपत्रीवाल्याकडे विचारू?

सह्यवाट:
ताडपत्रीवाल्याकडेच जा, आधी सुकवून ने. आणि पुढच्या वेळी वरची व्हेंट उघडी ठेव, निम्मं पाणी तुमच्याच श्वासाचं असतं.