हार्ट अटॅकनंतर रिपोर्ट 'नॉर्मल' आला की कोलेस्टेरॉलची गोळी कमी करायची का?

रानवाटा

आमच्या नात्यात आणि सोसायटीत अँजिओप्लास्टी झालेली बरीच मंडळी आहेत. बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. डिस्चार्जच्या कागदावर ॲटोरव्हास्टॅटिन ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० (मिलिग्रॅम) लिहिलेलं असतं, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या 'स्टॅटिन' गटातली गोळी. काही महिन्यांनी रिपोर्ट येतो, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ८२. शेजारच्या रकान्यात लॅबने छापलेलं असतं, '१०० पेक्षा कमी'. घरात आनंदीआनंद. मग कुणीतरी म्हणतं, 'आता आलंय ना नॉर्मल, कशाला एवढ्या पॉवरची गोळी?' आणि गोळी अर्धी होते, नंतर बंदच होते.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. तो छापील रकाना अटॅक येऊन गेलेल्या माणसासाठी नाहीच. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१९ साली अशा रुग्णांसाठी एलडीएल ५५ च्या खाली, शिवाय औषधाआधीच्या मूळ आकड्याच्या निम्म्याहून कमी, असं ठरवलं. आपल्या कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानेही २०२४ मध्ये अतिजोखमीच्या रुग्णांसाठी ५५ चीच रेघ मारली. म्हणजे ८२ हा आकडा आनंदाचा नाही, काम अर्धवट राहिल्याचा आहे.

दुसरं म्हणजे, ही तापाची गोळी नाही, की ताप उतरला आणि थांबवली. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं. स्टॅटिन तिथे अडसर घालतं, मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा मूळ पदावर. आणि अँजिओप्लास्टीत बसवलेली जाळी, म्हणजे स्टेंट, एका जागचा अडथळा मोकळा करतो, बाकीच्या रक्तवाहिन्यांतले थर तिथेच असतात. ते फुटू नयेत म्हणून ही गोळी आहे.

१९९४ सालचा स्कँडिनेव्हियातला अभ्यास बघा. अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) किंवा अटॅक झालेले ४,४४४ रुग्ण, सुमारे साडेपाच वर्षं. औषध नसलेली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १२ टक्के दगावले, सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत ८ टक्के. इतका जुना आणि इतका ठोस पुरावा असताना आपल्याकडे ही गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्याने बंद होते, याचा मला मनापासून त्रास होतो. अटॅकच्या रुग्णाच्या रिपोर्टवर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने '५५' लिहून द्यावं, असं माझं मत आहे.

आजोळ

तुमची कळकळ पोचली, पण पूर्ण असहमत.

माझी आई ७९ वर्षांची आहे. अटॅकनंतर ॲटोरव्हास्टॅटिन ८० सुरू झालं आणि मांड्या धरायला लागल्या. जिना चढताना कठडा धरून प्रत्येक पायरीवर थांबते. देवळात जाणं सुटलं. डॉक्टरांना सांगितलं तर 'वयाचं आहे, गोळी बंद करायची नाही' एवढंच उत्तर. कागदावर एलडीएल ४८ आहे. तिने त्या ४८ चं काय करायचं?

आणि ही रेघ सारखी खाली का सरकते? २००१ मध्ये अमेरिकेत १०० होती, मग ७०, आता ५५. २०१५ चा इझेटिमाइबचा (स्टॅटिनला जोडून द्यायची कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी) मोठा अभ्यास मीही वाचलाय. १८ हजारांवर रुग्ण, एलडीएल ७० वरून ५४ वर आणलं, आणि सात वर्षांत अटॅक-स्ट्रोकसारख्या घटना ३४.७ टक्क्यांवरून ३२.७ टक्क्यांवर आल्या. शंभरातल्या दोघांना फायदा. त्यासाठी शंभर जणांनी सात वर्षं आणखी एक गोळी घ्यायची. वर जास्त डोसच्या स्टॅटिनने साखर वाढते ते वेगळंच. हे रुग्णाला कुणी सांगतं का?

माळरान

आजोळ यांच्याशी सहमत. मुळात खाणं सुधारलं तर एवढ्या गोळ्या लागतातच कशाला? सकाळी उपाशीपोटी लसूण, अर्जुनाच्या सालीचा काढा, तेल महिन्याला माणशी अर्धा लिटर. आमच्या गावात कितीतरी जण यावर ठणठणीत आहेत. निसर्गातलं सोडून केमिकल खायची घाई झालीये सगळ्यांना.

रानवाटा

माळरान, तेल कमी करा, चाला, तंबाखू सोडा, यावर वाद नाहीच. पण खाण्याने एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरतं. १४० असलेल्याला ५५ वर यायचंय, तो हिशोब पथ्यावर बसत नाही. लसणाचं म्हणाल तर अमेरिकेत २०२२ मध्ये लसूण, हळद, दालचिनी, माशाचं तेल यांच्या गोळ्या रोसुव्हास्टॅटिनच्या अवघ्या ५ मिलिग्रॅमसमोर तपासल्या. महिनाभरात स्टॅटिनने एलडीएल ३८ टक्क्यांच्या आसपास उतरवलं, बाकीच्यांत आणि खोट्या गोळीत दखल घ्यावी असा फरक नव्हता. लसणाच्या गटात तर ते थोडं वाढलं. आणि निसर्गाचंच हवं असेल तर पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात बुरशीतच सापडलं होतं.

आजोळ, तुमच्या आईच्या त्रासावर मी काही बोलू शकत नाही. डॉक्टरांनी बोलावं.

तालुक्यातला फिजिशियन

बोलतो. आजोळ, पहिली गोष्ट, 'वयाचं आहे' हे उत्तर अपुरं आहे. पाय दुखतात म्हणणाऱ्या पेशंटची सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासायची, थायरॉइड बघायचं, ड जीवनसत्त्व बघायचं, बाकीची औषधं बघायची. थायरॉइड कमी असेल तर स्नायू दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढतं, दोन्ही त्याचंच असू शकतं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक ॲटोरव्हास्टॅटिनबरोबर दिलं तर रक्तातलं स्टॅटिन वाढतं, तो कोर्स चालू असताना काय करायचं हे विचारूनच घ्या.

दुसरी गोष्ट ऐकायला कडू आहे. लंडनमध्ये २०२० साली एक छोटा पण नेटका प्रयोग झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी, काही महिने काहीच नाही, असं दिलं. स्टॅटिनवर झालेल्या त्रासाचा ९० टक्के भाग खोट्या गोळीवरही झाला. दुखणं खरं होतं, कारण बहुतेक वेळा गोळी नव्हती. म्हणून मी काही आठवडे गोळी थांबवून, आराम पडतो का ते बघून पुन्हा सुरू करतो. पण हे डॉक्टरच्या देखरेखीखाली, स्वतःच्या मनाने नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या बाजूची. ८० चा अट्टहास नको. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्के उतरतं. कोरियातल्या २०२२ च्या अभ्यासात रोसुव्हास्टॅटिन १० आणि इझेटिमाइब १० ही जोडी रोसुव्हास्टॅटिन २० इतकीच उपयोगी ठरली, आणि त्रासामुळे औषध सोडणं किंवा कमी करणं कमी झालं. तुमच्या आईसाठी हा मार्ग विचारण्यासारखा आहे. साखरेचं खरं आहे, जास्त डोसवर मधुमेहाचं निदान वाढतं, बहुतेक आधीच काठावर असलेल्यांत. ते पेशंटला सांगायला हवं आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) बघत राहायला हवं.

पण माझ्या ओपीडीतलं मोठं दुखणं वेगळंच आहे. परवा एक पेशंट आले, पिशवी टेबलावर उपडी केली. शहरातल्या हॉस्पिटलचं ॲटोरव्हास्टॅटिन एका ब्रँडचं, गावच्या दवाखान्यातलं दुसऱ्या ब्रँडचं. दोन्ही रोज चालू. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या क्लोपिडोग्रेलची पट्टी मात्र संपलेली, कारण 'रक्त पातळ झालंय, आता नको' असं मेहुण्याने सांगितलेलं. पाच मिनिटांच्या तपासणीत ५५ की ७० हा वाद तिथपर्यंत पोचतच नाही.

लेस्टरकर

इथे ब्रिटनमध्ये रेघ वेगळी आहे. उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने २०२३ च्या डिसेंबरात अशा रुग्णांसाठी एलडीएल २ मिलिमोल, म्हणजे आपल्या भाषेत ७७ च्या आत, असं सांगितलं. कार्डिओलॉजिस्ट १.४ (म्हणजे तुमचे ५५) म्हणतात, जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, २ म्हणतात. माझे सासरे दोघांकडे जातात आणि गोंधळून घरी येतात. एकाच पुराव्यातून दोन रेघा निघत असतील तर ५५ ला दगडावरची रेघ म्हणू नये.

तालुक्यातला फिजिशियन

नाइस उपचाराचा सरकारी खर्च मोजून रेघ मारते, म्हणून तिथे आकडा वर आहे. एलडीएल जितकं खाली तितका धोका कमी, यावर दोघांचं दुमत नाही. आपल्याकडे ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतं, इझेटिमाइबही जनेरिक आहे. महागडी इंजेक्शनं लागण्याआधी बराच रस्ता शिल्लक असतो.

कृष्णाकाठ

थोडं अवांतर. भावाला चाळिशीच्या आत अटॅक आला. त्याचा लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीचा कण) खूप जास्त निघाला. तो वंशानं येतो, पथ्याने हलत नाही, स्टॅटिननेही उतरत नाही. आयुष्यात एकदा तपासला की पुरतो. कमी वयात अटॅक आलेल्यांच्या घरच्यांनी, मुलांसकट, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं.

आजोळ

डॉक्टर, नीट उत्तर दिल्याबद्दल आभार. थायरॉइड आणि सीपीके या आठवड्यात करून घेते, जोडगोळीचंही विचारते. पण एक प्रश्न राहतोच. हे अभ्यास ज्यांच्यावर झाले त्यांत ७९ वर्षांच्या बायका किती होत्या?

तालुक्यातला फिजिशियन

कमीच होत्या, ही रास्त तक्रार आहे. तरी २०१९ मध्ये २८ अभ्यास एकत्र करून बघितले, त्यांत पंचाहत्तरीपुढचे १४ हजारांवर लोक होते. ज्यांना आधीच हृदयविकार किंवा स्ट्रोक होऊन गेला होता त्यांना या वयातही फायदा दिसला. ज्यांना काहीच झालं नव्हतं, त्यांच्याबाबत पुरावा कच्चा आहे. तुमची आई पहिल्या गटातली.

आजोळ

म्हणजे गोळी हवी, हे मान्य. ४८ च हवं, हे मान्य नाही. कमी डोसवर ६५ आलं आणि ती देवळापर्यंत चालत गेली, तर मी ६५ वर थांबेन. हा निर्णय तिचा आहे, आणि तिला विचारूनच घेणार.

रानवाटा

मी तुमच्या जागी असतो तर इझेटिमाइब जोडून ५५ चा प्रयत्न आधी केला असता, मग थांबलो असतो. पण तिला विचारून, यावर माझी हरकत नाही.

तालुक्यातला फिजिशियन

डोस बदलला तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) करा, त्याआधी काही कळत नाही. आणि डॉक्टरांकडे जाताना अटॅकच्या दिवशी ॲडमिट केलं तेव्हाचा रिपोर्ट न्या. एलडीएल निम्म्यावर आलं का, हे त्यावरूनच ठरतं, आणि नेमका तोच कागद पेशंट घरी ठेवून येतात.