व्यायामानं लिंगाची साईज वाढते का, आणि मोजायचं नेमकं कुठनं?

कुपवाड_नाईटशिफ्ट
नमस्कार मंडळी, आयडी नवीन काढलाय कारण विषयच तसला आहे, हसू नका. वय २६, एमआयडीसीत कामाला, दिवाळीनंतर लग्न ठरलंय. युट्यूबवर बघून दोन-अडीच महिने झाले जेल्किंग करतोय, म्हणजे आधी गरम पाण्यातला टॉवेल लावायचा, मग अर्धवट ताठ असताना अंगठा आणि बोटाची रिंग करून मुळापासनं टोकाकडं दाबत ओढायचं, वर स्ट्रेचिंग वेगळं. फुटपट्टीनं मोजून मोबाईलमध्ये नोंद ठेवतो. सुरुवातीला १२.५ सेमी होतं, मागच्या आठवड्यात १३.२ आलं, लई खूश झालो, आणि परवा परत मोजलं तर १२.६. मग वाढलेलं गेलं कुठं? टेप घ्यायची का फुटपट्टी, वरनं मोजायचं का खालनं, प्रत्येक जण वेगळंच सांगतोय. शिवाय हल्ली टोकाजवळ बारीक लाल ठिपके येतात आणि करून झाल्यावर थोडा वेळ बधिर वाटतं, व्हिडिओवाला म्हणतो हे चालायचंच. खरंच फरक पडतो का कुणाला? मित्रांत विचारलं तर गावभर होईल म्हणून इथं लिहितोय.

मिरज_फिजिओ
भावा पहिलं ते जेल्किंग आजपासनं बंद, बाकीचं नंतर वाच. लाल ठिपके म्हणजे कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्यात आणि बधिरपणा म्हणजे नसांवर दाब आलाय. यात चालायचंच असं काही नसतं.

आता मोजायचं. पूर्ण ताठ असताना, वरच्या बाजूनं, कडक फुटपट्टीनं. पट्टीचं टोक मुळाशी, ओटीपोटाच्या खाली जे हाड लागतं त्याला टेकेपर्यंत दाबायचं आणि तिथनं बोंडाच्या टोकापर्यंतचा आकडा घ्यायचा, पुढची कातडी लोंबत असेल तर ती धरायची नाही. पट्टीला शून्याच्या आधी मोकळी कड असते ती बघ, बऱ्याच जणांचे चार-पाच मिलिमीटर तिथंच जातात. खालनं अंडकोशापासनं मोजलं तर पाहिजे तसला आकडा काढता येतो, म्हणून ते मोजमापच नव्हे. जाडी मोजायला शिंप्याची टेप, मधोमध, न आवळता. दवाखान्यात ताठ नसताना हातानं पुढं ताणून मोजतात, ते ताठ लांबीच्या जवळपास येतं.

तुझे ते सात मिलिमीटर कुठं गेले? कुठंच नाही गेले, ते आलेच नव्हते. एक दिवस पट्टी हाडापर्यंत दाबली, एक दिवस नाही. एक दिवस झोप झालेली, दुसऱ्या दिवशी नाईट करून आलेलास आणि ताठरता कमी पडली. मूड, थंडी, सगळ्यानं फरक पडतो. त्यात ओढाओढ केल्यावर लगेच मोजलं तर थोडी सूज असते, ती आपल्याला वाढ वाटते. आणि हे आकडे आपणच मोजतो, आपल्यालाच वाढलेलं पाहिजे असतं, मग पट्टी आपोआप जोरात दाबली जाते.

आणि तुला कमी वाटतंय ते कशाच्या मानानं? २०१५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या अभ्यासांतली १५,५२१ पुरुषांची मापं एकत्र केली, ती सगळी डॉक्टर-नर्सनी मोजलेली, स्वतः सांगितलेली नव्हेत. ताठ लांबीची सरासरी निघाली १३.१२ सेमी, जाडीचा घेर ११.६६. साधारण दोनतृतीयांश लोक साडेअकरा ते पावणेपंधराच्या आत बसतात. तू तिथंच मधे बसलायस की राव. डॉक्टर लहान म्हणतात ते ताणून साडेसात सेमीच्याही खाली असलं तर, आणि तसे फार म्हणजे फारच थोडे असतात.

तालीम_गल्ली
पण फिजिओ, लॉजिक तर बरोबर वाटतंय की. रोज जोर मारले की दंड भरतो, मग हितं का नाही

मिरज_फिजिओ
कारण दंडात असतो तसला स्नायू हितं नसतो. आत दोन नळ्या असतात स्पंजसारख्या, त्यात रक्त भरलं की ताठ होतं, आणि त्यावर एक चिवट आवरण असतं. जोर मारल्यावर दंडाचा स्नायू जाड होतो, पण हे आवरण दाबून-ओढून दुखावलं तर तिथं वण धरतो. वण ताणत नाही, मग त्या बाजूला वाक येतो, ताठ झालं की दुखतं, हाताला गाठ लागते. त्याला पेरोनी म्हणतात. जेल्किंगनं लांबी वाढते असं धड सिद्ध झालेलंच नाही, म्हणजे मिळकत शून्य आणि जोखीम सगळी आपली.

विश्रामबाग_काका
मी साठीचा माणूस, मला लाजायचं काही राहिलं नाही. पोरा, लग्नाआधी सगळेच असं गुपचूप मोजतात, आमच्या वेळी मोबाईल नव्हता एवढाच फरक. तुला व्यायामच करायचा असेल तर मूळबंध कर, त्यालाच आता कीगल म्हणतात. लघवी मधेच थांबवताना जो स्नायू आत ओढला जातो तो ओळखायचा, ओळखण्यापुरतंच हां, रोज लघवी अडवून व्यायाम करायचा नाही. मग बसून किंवा आडवं पडून तो आत ओढायचा, पाच आकडे म्हणेपर्यंत धरायचा, तितकाच वेळ पूर्ण सोडायचा, असं दहा वेळा, दिवसातनं तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या-ढुंगण आवळायचं नाही. आरशासमोर उभं राहिलास तर मूळ जरासं आत जाताना आणि गोट्या वर उचललेल्या दिसतात, म्हणजे बरोबर चाललंय. सोडणं पण आवळण्याइतकंच महत्त्वाचं, नुसतं आवळत बसलास तर ओटीपोट दुखायला लागतं.

यानं लांबी वाढत नाही हे आधीच सांगतो. ताठरता टिकायला मदत होते. २००५ साली ब्रिटनमध्ये ताठरतेची तक्रार असलेल्या ५५ पुरुषांना हे व्यायाम दिले, सहा महिन्यांनी ४० टक्के पहिल्यासारखे झाले, आणखी साधारण ३५ टक्क्यांना फरक पडला, बाकीच्यांना काही नाही. म्हणजे जादू नव्हे, पण फुकट आहे आणि नीट केलं तर इजा नाही.

तेव्हा नोंदच ठेवायची तर पट्टी कपाटात टाक आणि हे लिही: सकाळी उठताना ताठरता येते का, आठवड्यातनं किती दिवस. कडकपणा किती, त्याला डॉक्टरांची एक ते चारची पट्टी असते. १ म्हणजे मोठं होतं पण कडक नाही, २ कडक पण संबंधाला पुरेसं नाही, ३ पुरेसं पण पूर्ण नाही, ४ एकदम कडक. ह्यात महिना-दोन महिन्यात बदल दिसला तर तो खरा बदल.

आणि तंबाखूचा मावा खातोस का ते खरं सांग. आपल्या सांगलीत पोरं मावा खाऊन वर ताकदीची गोळी शोधतात. तंबाखूनं रक्तवाहिन्या आखडतात आणि ताठरता म्हणजे तर सगळा रक्ताचाच खेळ. पोटाचा घेर कमी केलास तर मुळाशी चरबीत दबलेलं पण बाहेर दिसतं, ही एकच वाढ मी माझ्या डोळ्यांनी बघितलेली आहे.

आष्टा_रोड
कीगल बिगल ठीक आहे पण ताण देणारं मशीन मिळतं ऑनलाईन, त्यानं वाढतं म्हणतात, त्याचं काय

मिरज_फिजिओ
एक्स्टेंडर. त्यात थोडं तथ्य आहे, काही छोट्या अभ्यासांत एक-दोन सेमीपर्यंत फरक दिसलाय, पण त्यासाठी रोज चार-सहा तास किंवा जास्त, आणि तेही कित्येक महिने लावून बसावं लागतं. नाईट शिफ्टला लावून जाणार आहेस का 😄 मुळात डॉक्टर ते पेरोनीच्या पेशंटना देतात. व्हॅक्यूम पंप वेगळा, त्यानं तेवढ्यापुरतं रक्त भरतं, कायमची लांबी वाढत नाही, जास्त जोर लावला तर रक्त साकळतं.

एसटी_स्टँड_समोर
आमच्या भावकीतल्या एकानं रस्त्याकडेच्या तंबूत जडीबुटी घेतली होती, आधी पाचशे, मग भस्म म्हणून दोन हजार, मग आणखी एक कोर्स. शेवटी छातीत धडधड व्हायला लागली म्हणून बंद केलं. १९५४ चा कायदा आहे असल्या औषधांच्या जाहिराती बंद करणारा, तरी भिंती रंगवलेल्याच.

विश्रामबाग_काका
असल्या ‘आयुर्वेदिक’ गोळ्यांत कधीकधी गुपचूप सिल्डेनाफिल घातलेलं सापडतं, म्हणजे व्हायग्रातलंच औषध. छातीत दुखतं म्हणून कुणी सॉर्बिट्रेट घेत असेल आणि वरनं हे पोटात गेलं तर बीपी एकदम कोसळतो, जिवावर बेततं. म्हणून ‘साईड इफेक्ट नाही’ लिहिलेल्या डबीला मी तरी हात लावत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ ला ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. शंभर वर्षं होत आली, पोरं अजून तंबूतच जातात.

कुपवाड_नाईटशिफ्ट
सगळ्यांचे आभार. जेल्किंग बंद केलं, टॉवेल पण धुवायला टाकला. मावा खातो काका, खोटं कशाला बोलू. एक विचारायचं राहिलं, हे बधिरपण आपोआप जाईल का दाखवायला लागेल? आणि दाखवायचं तर कुणाला, स्किनवाल्याला का? काउंटरवर सगळ्यांसमोर काय सांगू?

मिरज_फिजिओ
युरोलॉजिस्ट. ठिपके थोड्या दिवसात जातात, तोवर हात लावायचा नाही, गरम शेक पण नको. आठवड्यानंतरही बधिर वाटलं, गाठ लागली, किंवा ताठ झाल्यावर आधी नव्हता तसला वाक दिसला तर थांबू नकोस, वाक नवीन असताना उपचाराचा जास्त उपयोग होतो. आणि कधी कट्ट आवाज येऊन एकदम ढिलं पडलं आणि काळंनिळं होऊन सुजलं तर तसाच रातोरात कॅज्युअल्टीला जायचं, सकाळची वाट बघायची नाही. काउंटरवर ‘लघवीच्या जागेची तक्रार आहे’ एवढं बास, मिरजेत रोज शंभर जण हेच सांगतात. आत गेल्यावर मात्र डॉक्टरला जेल्किंगचं नाव घेऊन सांग, नाहीतर तो मुतखड्याच्या तपासण्या लिहून देईल.

विश्रामबाग_काका
आणि जातोच आहेस तर उपाशीपोटी शुगर पण करून घे.