मेसोपोटेमियाचा सुपरहिरो: गिल्गमेश नको, निनुर्ता हवा

पाटाचं पाणी (धागाकर्ता)

मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या भागातल्या सुमेर, अक्कड, अश्शूर या प्राचीन राज्यांच्या पुराणांवर सुपरहिरोपट काढायचा म्हटलं की पहिलं नाव निघतं ते महाकाव्याचा नायक, उरुक नगराचा राजा गिल्गमेश याचं. माझ्या मते तो चित्रपट निनुर्तावर व्हायला हवा. असा चित्रपट अजून निघालेला नाही, पण निघाला तर कसा असावा याचा मी बराच विचार केला आहे. तो इथे मांडतो, खोडून काढा.

निनुर्ता हा निप्पूरच्या एन्लिल देवाचा मुलगा. वादळाचा आणि युद्धाचा देव, पण शेतीचाही. शेतकऱ्याला नांगरणीपासून मळणीपर्यंत सूचना देणारा एक सुमेरियन मजकूर आहे, तो 'या निनुर्ताच्या सूचना आहेत' असं म्हणून संपतो. त्याच्या पराक्रमाचं 'लुगल-ए' हे काव्य सातशेहून जास्त ओळींचं आहे आणि त्यात पडद्यावर आणण्याजोगं काय नाही ते विचारा. त्याची गदा शारूर बोलते, उडते, शत्रूच्या मुलखातून खबर आणते आणि मालकाला तोंडावर सांगते की या लढाईत उतरू नकोस. समोर आसाग नावाचा राक्षस आहे. डोंगरातल्या वनस्पतींनी त्याला राजा केलंय आणि दगड त्याचे सैनिक आहेत. लढाई हाताबाहेर जाऊ लागते तेव्हा शारूर निप्पूरला जाऊन एन्लिलचा सल्ला घेऊन येते.

पण मला हा चित्रपट हवा आहे तो आसाग मेल्यानंतरच्या भागासाठी. राक्षस मेला तरी दुष्काळ आहेच. डोंगरातलं पाणी शेतापर्यंत येत नाही, टायग्रिस फुगत नाही, कालवे उपसायला कोणी नाही. मग निनुर्ता दगडांची रास रचून बांध घालतो आणि पाणी टायग्रिसमध्ये वळवतो. त्यानंतर एकेका दगडाला समोर उभं करून निवाडा देतो. विरोध केलेल्या चकमकीच्या दगडाला फुटत राहण्याचा शाप मिळतो. डायोराइट या कठीण काळ्या दगडाला मान मिळतो, की राजे आपले पुतळे तुझ्यातून घडवतील. लगाश या सुमेरियन नगराच्या गुदेआ राजाचे डायोराइटचे पुतळे आज लूव्र संग्रहालयात उभे आहेत. लढाईनंतर बांधकाम आणि न्याय करणारा नायक मला आजच्या सुपरहिरोपटांत दिसत नाही. तिथे शहर कोसळतं, नायक उडून जातो आणि पडदा पडतो.

उत्तररात्र

असहमत. निनुर्ता देव आहे आणि देव जिंकणार हे पहिल्या मिनिटाला कळतं. गिल्गमेश दोन तृतीयांश देव आणि एक तृतीयांश माणूस आहे, आणि त्या एक तृतीयांशातच सगळी कथा आहे. त्याच्याकडे ताकद आहे, राज्य आहे, एन्किदूसारखा मित्र आहे. तो मित्र आजारी पडून अंथरुणात मरतो, कुठल्या रणात नाही. गिल्गमेश प्रेत पुरू देत नाही. सहा दिवस, सात रात्री तो बसून राहतो, शेवटी प्रेताच्या नाकातून अळी पडते तेव्हा त्याला मरण म्हणजे काय ते कळतं. हे मला मोठ्या पडद्यावर बघायचंय. नंतर तो अमरत्वासाठी जगाच्या टोकापर्यंत जातो, पुन्हा तरुण करणारी वनस्पती मिळवतो आणि आंघोळीला उतरतो तेवढ्यात साप ती घेऊन जातो. सुपरहिरोची सगळी शक्ती इथे निरुपयोगी ठरते, म्हणूनच हा चित्रपट त्याचा असायला हवा.

पाटाचं पाणी

तुम्ही सांगितलेलं सगळं मलाही प्रिय आहे, म्हणूनच त्याला सुपरहिरोपटाच्या हाती द्यायची मला भीती वाटते. कोणता निर्माता शेवटी नायकाला रिकाम्या हाताने उरुकला परत पाठवेल? साप मारला जाईल, वनस्पती परत मिळेल आणि दुसऱ्या भागात एन्किदू जिवंत होईल. ज्या कथेचा अर्थच हरण्यात आहे ती या साच्यात टिकत नाही. निनुर्ताची कथा टिकते, कारण ती मुळातच पराक्रमाची आहे आणि तरी तिथे थांबत नाही.

कृष्णशिळा

मला गिल्गमेश-निनुर्ता वादात पडायचं नाही, पण धागाकर्त्यांनी एक मोठी गोष्ट सोडली आहे. निनुर्ता हा साम्राज्याचा देव आहे. 'लुगल-ए'मधला डोंगर म्हणजे सुमेरच्या सपाटीबाहेरचा बंडखोर मुलूख. तिथले दगड 'शत्रू' का? कारण सुमेरच्या गाळाच्या जमिनीत दगडच नाही, तो बाहेरून आणावा लागतो. डायोराइट मगानहून म्हणजे आजच्या ओमानच्या बाजूने येई, निळा लाजवर्द अफगाणिस्तानातून. ज्यांच्याकडे माल आहे त्यांना राक्षसाची फौज ठरवायचं, जिंकायचं आणि मग कोण आपल्या कामाचा यावर निवाडा द्यायचा, असं हे काव्य आहे.

पुढे अश्शूरच्या राजांनी या देवाला उचलून धरलं ते उगीच नाही. दुसऱ्या अशुरनासिरपालने इसवीसनपूर्व नवव्या शतकात काल्हू इथे, म्हणजे आजच्या निमरूदला, निनुर्ताचं मंदिर बांधलं. बंडखोरांची कातडी सोलल्याचं अभिमानाने कोरून ठेवणारा राजा तोच. त्या मंदिरातलं शिल्प ब्रिटिश म्युझियममध्ये आहे: दोन्ही हातांत वज्रं घेतलेला पंखधारी देव एका राक्षसी पक्ष्यामागे लागलाय. दिसायला जबरदस्त आहे, मान्य. पण सैन्य पाठवून मुलूख ताब्यात घेणाऱ्यांच्या देवाला इराकी माणसासमोर नायक म्हणून उभं करताना आपण कोणाच्या बाजूने बोलतोय हे बघायला नको का?

अनुष्टुभ

यात इंद्र आणि वृत्र कोणाला दिसले नाहीत? ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं बत्तिसावं सूक्त वाचा. पाणी अडवून बसलेला वृत्र, वज्र, आणि मोकळ्या झालेल्या नद्या. आपल्याकडच्या प्रेक्षकाला ही कथा परकी वाटणारच नाही. संबंध तर जुनेच आहेत. अक्कडचा राजा सारगॉन सांगतो की मेलुह्हाची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात, आणि मेलुह्हा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. उरच्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडलेले नक्षीचे तांबड्या अकीकाचे मणी याच बाजूचे.

पाटाचं पाणी

अनुष्टुभ, साम्य आहे, पण फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वृत्र मेला आणि पाणी धावत सुटलं. आसाग मेला तरी पाणी आलं नाही, त्यासाठी दगड वाहावे लागले. पाट काढणाऱ्या माणसांनी रचलेली कथा अशीच असणार.

कृष्णशिळा, तुमचा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चित्रपट करू नये असं मलाही वाटतं. म्हणून तर निवाड्याचं दृश्य मला पूर्ण हवंय, घाईने उरकलेलं नको. प्रेक्षकाला शाप मिळालेल्या दगडांची बाजू ऐकू येऊ द्या. आणि उत्तररात्र म्हणतात तसा हा देव कायम जिंकतही नाही. अंझू या राक्षसी पक्ष्याने एन्लिल आंघोळीला गेला असताना दैवाची पाटी, म्हणजे जिच्या धन्याच्या हाती सगळ्यांचं नशीब असतं ती पाटी, पळवली. बाकीच्या देवांनी नकार दिल्यावर निनुर्ता गेला, पण पाटी हातात धरून अंझू नुसतं बोलतो आणि सुटलेला बाण माघारी फिरतो, बाणाचा बोरू पुन्हा आपल्या बोरूच्या बनाकडे जातो. अखेर शहाणपणाचा देव एआ, म्हणजेच सुमेरियन कथांतला एन्की, याच्या युक्तीने अंझू हरतो. मात्र 'निनुर्ता आणि कासव' नावाच्या वेगळ्या सुमेरियन कथेत त्याला त्या पाटीचाच मोह पडतो. एन्की हे ओळखतो, अब्झूच्या, म्हणजे जमिनीखालच्या गोड्या पाण्याच्या, मातीतून कासव घडवतो, कासव त्याचा पाय धरतं आणि दोघं खड्ड्यात पडतात. जगाला वाचवणाऱ्याचे पाय कासव ओरबाडतंय आणि एन्की वरून विचारतोय, कुठे गेली तुझी ताकद? माझ्या चित्रपटाचा मध्यंतरानंतरचा भाग इथून सुरू होतो.

सातवं दार

एवढ्या पुरुषांत प्रेमाची आणि युद्धाची देवी इनान्ना हिचं नाव कोणीच घेऊ नये याचं मला वाईट वाटतं. एन्कीला बिअर पाजून त्याच्या एरिदू नगराहून संस्कृतीच्या सगळ्या शक्ती नावेत घालून उरुकला आणणारी ती. पाताळात उतरताना सात दारांवर तिचा एकेक दागिना, एकेक वस्त्र काढून घेतलं जातं. मुकुटापासून सुरुवात होते आणि शेवटी ती उघडी, मग मृत, आकड्याला टांगलेली. सुपरहिरोच्या चिलखताचा विचार एवढ्या खोलात कोणी केला असेल? तिची सुटका करायला एन्की आपल्या नखातल्या मळापासून दोन जीव घडवतो. ते कोणाशी लढत नाहीत. वेदनेने कण्हणाऱ्या पाताळाच्या राणीबरोबर तेही कण्हतात. आजवर माझं दुःख कोणी असं ऐकलंच नव्हतं, म्हणून ती प्रसन्न होते आणि प्रेत देऊन टाकते.

तिच्यावरची स्तोत्रं उरची महापुजारीण, सारगॉनची मुलगी एन्हेदुअन्ना हिच्या नावावर आहेत. जगातला नावानिशी ओळखला जाणारा पहिला लेखक म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. चित्रपटाची निवेदक तिला करा.

कृष्णशिळा

एन्हेदुअन्ना निवेदक असण्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण न वाकणाऱ्या एबिह डोंगराला चिरडणारी इनान्नाही त्याच परंपरेतली आहे, हेही त्या निवेदनात यावं.

दजलाकाठ

मी कामानिमित्त बसऱ्यात राहिलो आहे, म्हणून लिहितो. हा चित्रपट कोणासाठी, हा प्रश्न इथे मागे पडतोय. एप्रिल २००३मध्ये बगदादचं संग्रहालय लुटलं गेलं, हजारो वस्तू गेल्या, बऱ्याच अजून परतल्या नाहीत. २०१५मध्ये निमरूद सुरुंग लावून उडवलं. १९९०च्या दशकात दक्षिणेतल्या दलदली सरकारने मुद्दाम कोरड्या पाडल्या. त्यांचा काही भाग पुन्हा भरला, २०१६मध्ये उर, उरुक, एरिदूसह जागतिक वारसा यादीत आला आणि आता पुन्हा पाण्यावाचून आटतोय. टायग्रिसवर वरच्या अंगाला तुर्कस्तानात इलिसू धरण झालं आहे. अशा वेळी डोंगरात बांध घालून पाणी आणणारा देव नायक म्हणून दाखवलात तर बसऱ्यातला प्रेक्षक विचारेल, हा बांध कोणाच्या हातात आहे? तो चित्रपट इराकी दिग्दर्शकाने, इराकी नटांना घेऊन, अरबीत काढावा. मोरोक्कोत सेट लावून इंग्रजी बोलणारा निनुर्ता मला नको.

उत्तररात्र

दजलाकाठ यांच्या मुद्द्यानंतर माझं मत आणखी पक्कं झालं. २०११मध्ये इराकमधल्या सुलेमानियाच्या संग्रहालयाने चोरबाजारातून मातीची एक कोरीव पाटी विकत घेतली आणि २०१४मध्ये तिचं वाचन प्रसिद्ध झालं. ती गिल्गमेशच्या महाकाव्यातली पाचवी पाटी निघाली. तिच्यात देवदाराच्या जंगलातले पक्षी, किडे, माकडं यांचा आवाज जंगलाचा राखणदार हुंबाबा याच्या दरबारातल्या संगीतासारखा वर्णन केलाय. हुंबाबाला मारल्यावर एन्किदू गिल्गमेशला म्हणतो की आपण हे जंगल ओसाड केलं, आता निप्पूरला एन्लिलला काय उत्तर देणार. कृष्णशिळा ज्याला साम्राज्याची कथा म्हणतात, तिच्यावरचा पश्चात्ताप गिल्गमेशमध्ये मुळातच आहे. निनुर्ताच्या तोंडी तो तुम्हाला नव्याने लिहावा लागेल.

पाटाचं पाणी

पश्चात्ताप नाही, हे मान्य. निनुर्ताला शेवटी पस्तावलेला दाखवायची माझी इच्छाही नाही. खड्ड्यात पडलेल्या मुलासाठी त्याची आई एन्कीकडे येऊन त्यालाच सुनावते आणि ही कथा ज्या मातीच्या पाटीवर लिहिली आहे तिचा पुढचा भाग फुटलेला आहे. तो वर येतो का, कसा येतो, हे आपल्याला ठाऊक नाही. माझा चित्रपट आई बोलत असतानाच थांबेल. आणि दजलाकाठ, अरबीत काढण्याला माझी काहीच हरकत नाही, उलट बांधावर काम करणारी माणसं बसऱ्याच्या बोलीत बोलली तर मला जास्त आवडेल.

दजलाकाठ

मग बांधाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना पहिल्या दृश्यापासून आणा. शेवटी चार माणसं पाणी बघून नाचताना दाखवून भागणार नाही.