भरदुपारी येणारे प्लॉट-लोनचे फोन कसे थांबवावेत?

लोकमान्यनगर_इंदूर:
नमस्कार मंडळी, घरी दुपारी आई-बाबा दोघंच असतात. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात आणि लँडलाइन हॉलमध्ये, देवघराच्या बाजूच्या फळीवर. जरा डोळा लागला की रिंग, मग ते धडपडत उठून तिथपर्यंत जातात आणि पलीकडून "सर, सुपर कॉरिडॉरवर प्लॉट पाहिजे का". नाहीतर लोन, नाहीतर विमा. पडले बिडले तर काय करायचं हो? लँडलाइन काढून टाकता येत नाही, देवासची मावशी आणि पुण्याची सगळी मंडळी त्याच नंबरवर करतात. आईच्या मोबाइलवरही दिवसभर हेच येऊन राहिलंय. काही अक्कलहुशारीचा उपाय असेल तर सांगा.

रामबागवाला:
आधी दोन्ही नंबर डीएनडीत, म्हणजे जाहिरातीचे फोन नको असलेल्यांच्या यादीत टाका. लँडलाइनवरूनच १९०९ ला फोन लावायचा, आईच्या मोबाइलवरून START 0 असा मेसेज १९०९ लाच. ओटीपी किंवा बँकेचे कामाचे मेसेज यानं बंद होत नाहीत, आमच्याकडे त्याच भीतीनं कोणी करतच नव्हतं. १४० ने सुरू होणारे जे रजिस्टर्ड जाहिरातवाले असतात ते यानं बरेचसे थांबतात. प्लॉटवाले मात्र साध्या दहा आकडी मोबाइलवरून करतात, त्यांची तक्रारच करावी लागते. ट्राय, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामक, त्यांचं डीएनडी अ‍ॅप आहे त्यात नंबर, तारीख आणि काय बोलले ते टाकायचं. पूर्वी ३ दिवसांच्या आत करावी लागायची, २०२५ च्या बदलानंतर ७ दिवसांपर्यंत चालते. कंटाळा करू नका, एकाच नंबरबद्दल वेगवेगळ्या लोकांच्या तक्रारी गेल्या की मगच टेलिफोन कंपनी त्याच्यावर कारवाई करते.

सुदामानगरची_वहिनी:
मी तर सरळ मराठीत सुरू करते, "कोण बोलतंय? नंबर कुठून मिळाला तुम्हाला? कंपनीचं पूर्ण नाव सांगा, लिहून घेते." फोनजवळ वही-पेन ठेवलंय. नाव-पत्ता विचारला की बहुतेक जण स्वतःच ठेवून देतात. आणि मॉलमध्ये लकी ड्रॉची चिठ्ठी भरणं पूर्ण बंद करा, नंबर तिथूनच पसरतात असं माझं पक्कं मत आहे.

विजयनगर_नाइटशिफ्ट:
मी काही वर्षं कॉल सेंटरला होतो म्हणून आतली गोष्ट सांगतो. प्रत्येक कॉल संपला की स्क्रीनवर शेरा टाकावा लागायचा, नॉट इंटरेस्टेड, राँग नंबर, रिंगिंग, कॉल बॅक असे. आपली आई-काकू मंडळी काय म्हणतात? "आत्ता नको बाळा, मुलगा संध्याकाळी आला की विचारते." झालं, तो कॉल बॅक झाला, वेळेसकट, आणि आता सिस्टीम स्वतःच परत फोन लावणार. आपल्याला वाटतं सभ्यपणे टाळलं, तिकडे तो चांगला गिऱ्हाईक म्हणून नोंदला जातो. वाद घालण्यात, मुद्दाम लांबवण्यातही फायदा नाही. एकच वाक्य, "नको आहे, हा नंबर लिस्टमधून काढा", आणि फोन ठेवायचा. शिव्या तर बिलकुल देऊ नका, पलीकडे विशीतली पोरं-पोरी टार्गेटपायी बसलेली असतात, यादी त्यांनी बनवलेली नसते. रेकॉर्डेड आवाज "१ दाबा" म्हणाला तर काहीच न दाबता ठेवा.

राजवाडा_काका:
सर्वांनी चांगलं सांगितलं, पण वयस्कर लोकांच्या बाबतीत विकणाऱ्यांपेक्षा फसवणाऱ्यांची जास्त काळजी घ्या. "तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, व्हिडिओ कॉलवर बसून राहा" असे फोन येतात. डिजिटल अरेस्ट, म्हणजे अशी व्हिडिओ कॉलवरची अटक, असं काही कायद्यात नाहीच, हे आई-बाबांना आजच समजावून सांगा. असा नुसता फोन आला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या चक्षू या तक्रार-सुविधेत कळवायचं आणि पैसे गेलेच तर क्षणभर न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा. आमच्याकडे हा आकडा मोठ्या अक्षरात फोनच्या वर चिकटवलाय. बँक-विमा कंपन्यांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ची सीरिज ठरवलीय, तेव्हा साध्या मोबाइलवरून कोणी "बँकेतून बोलतोय" म्हणालं तर ठेवून द्या आणि पासबुकावरच्या नंबरवर आपणच करा.

आणि बाबांसाठी एक कॉर्डलेस घ्याच, नंबर दिसणारा. पलंगाशेजारी राहील, उठायला नको. नंबर दिसल्याशिवाय तक्रार तरी कशाची करणार?

लोकमान्यनगर_इंदूर:
विजयनगरवाले दादा, अगदी आमच्या आईचंच वाक्य लिहिलंत तुम्ही, "मुलगा आला की विचारते"! म्हणूनच बरोबर सातला परत फोन यायचा. आज संध्याकाळी १९०९ ला लावतो आणि कॉर्डलेस घेऊन येतो. काका, चिठ्ठी पण चिकटवतो. आईच्या अँड्रॉइडवर दुपारी फक्त ओळखीच्या नंबरांचीच रिंग वाजेल असं करता येतं का?

रामबागवाला:
येतं की. सेटिंगमध्ये डू नॉट डिस्टर्ब आहे, त्यात फक्त कॉन्टॅक्ट्सचे कॉल वाजू द्यायचे आणि दोन ते चार असं शेड्यूल लावायचं. आधी डॉक्टर, गॅसवाला, शेजारी सगळे सेव्ह करून घ्या, नाहीतर त्यांचाही वाजणार नाही.