समोरच्याने पश्चात्ताप केलाच नाही, तर क्षमा कशी करायची?

प्रश्न: बायबलमध्ये लूक १७:३ म्हणते, भावाने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. मार्क ११:२५ मध्ये मात्र ही अट नाही. प्रार्थनेला उभे राहाल तेव्हाच क्षमा करा. उसने पैसे बुडवून वर बोलणंही टाकलेल्या नातेवाइकाला कोणतं वचन लावायचं?

प्रतिसाद १: दोन्ही. मार्कमधली क्षमा देवासमोर, मनातली. लूकमधली समेटापर्यंत जाते, तिला दोन माणसं लागतात. पहिली आजच करता येते. मत्तय ६:१२ मराठीत वाचा, तिथे 'ऋण सोडणे' हेच शब्द आहेत. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही सोडून देणं. म्हणून 'सगळ्यांना क्षमा केली' अशी मोघम प्रार्थना नको. नाव घ्या, रक्कम घ्या, गेलेला विश्वासही त्यात धरा. काय सोडलं हेच ठरलं नसेल, तर महिन्याभराने तेच पुन्हा उगाळलं जातं.

प्रतिसाद २: मोजायचंच तर मत्तय १८ मधला दाखला बघा: धन्याने दासाचं कर्ज सोडलं, पण त्या दासाने आपल्या सोबत्याचं देणं सोडलं नाही. १ दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. सोबत्याचं देणं १०० दीनार, म्हणजे तीन-चार महिन्यांची कमाई. ही लहान रक्कम नव्हे! प्रभू आपलं दुखणं खोटं ठरवत नाही. धन्याने सोडलेले १०,००० तालांत (त्या काळचं मोठं चलन) मात्र सुमारे ६ कोटी दिवसांची मजुरी.

प्रतिसाद ३: त्याच अध्यायातली १५ ते १७ वचनंही पाळा: आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे (चर्चपुढे). पण घरात मारहाण होत असेल, तर त्या बाईला 'एकांतात बोल' म्हणून एकटीला परत धाडणं घोर चूक आहे. पोलिसांत तक्रार करूनही क्षमा करता येते.